डावं-उजवं

मुहर्रकच्या आमच्या खोलीवरून विमानं इतकी खालून जायची
की पलंगाखालचा खोका वाजायचा.
आधी बारीक, मग जोरात,
मग मागे राहिल्यासारखी एकच बशी, टिंग.
हे झोपेतच म्हणायचे, "आहे, शाबूत आहे."

बत्तीस नगांचा सेट.
मनामाच्या बाजारात, अब्दुल रसूलच्या दुकानात घेतला,
अकरा वर्षांमागे, बोनस झाला तेव्हा.
मला निळ्या वेलीचा हवा होता.
ह्यांनी एकेक बशी उजेडाकडे धरली,
मागून बोट फिरवून सावली उमटते का बघितली,
नखानं कड वाजवून कान लावला,
कलिंगड घेताना लावतात तसा.
"वेल पुसते," म्हणाले, "पांढराच घे.
पांढऱ्यावर अन्न दिसतं."
अठरा दिनार पाचशे फिल्स.
पाचशे फिल्स मी सोडवून घेतले.

आणि आणून पलंगाखाली सारला.
गावी गेल्यावर काढू.
इथे काय, इथे मेलामाइन.
इथलं सगळं तात्पुरतं,
पडद्याच्या रिंगासुद्धा आम्ही एकाआड एक लावलेल्या.
मेलामाइनवरचं सूर्यफूल आधी पिवळं होतं,
हळदीनं आणखी पिवळं झालं,
मग गेलंच.

काल टेबल विकलं.
सोसम्माच्या भाच्यानं चार दिनारला नेलं, खुर्च्या फुकट.
आज कार्गोवाला काटा घेऊन आला,
खोक्याला बुटाचं टोक लावून म्हणाला,
"काचेची गॅरंटी नाही."
हे बराच वेळ काही बोलले नाहीत.
तो गेल्यावर चिकटपट्टी टर्रकन फाडली.
"सोसम्माकडे काटे-सुऱ्या आहेत का बघ."

गोदीच्या साहेबांच्या मेसमध्ये
बावीस वर्षं टेबलं लावली ह्यांनी.
मी ते कधी पाहिलं नव्हतं.

बांधलेली दोन खोकी जोडली, वर चादर.
इस्त्री सामानात गेलेली,
म्हणून ओल्या तळव्यानं सुरकुत्या काढल्या, मधून कडेकडे.
बशी काठापासून अंगठ्याच्या एका पेराइतकी आत.
काटा डावीकडे. सुरी उजवीकडे, धार आपल्या बशीकडे.
"शेजारच्याकडे धार करायची नसते."
ग्लास सुरीच्या टोकावर.
मग एक डोळा मिटून वाकून बघितलं,
ओळंबा लावणाऱ्या गवंड्यासारखं,
आणि माझा काटा तांदळाभर सरकवला.

मग मी माझं मांडलं.
मीठ वर, मधोमध. डावीकडे लिंबाची फोड,
बरणी विसळून निघालेला लोणच्याचा खार.
उजवीकडे भाजी हवी. भाजी नव्हती.
तिथे वाडग्यात, वरच्या मजल्यावरच्या
उम्म जासिमनं पाठवलेला हरीस.
काटा आणि खार एका बाजूला आले.
"काट्याजवळ असलं काही नसतं," हे म्हणाले.
"ताटात डावी बाजू तिखटाआंबटाचीच," मी म्हणाले.
आई सांगायची, पंगतीत डावं-उजवं करू नये,
आणि शिकवलं तिनं पहिलं हेच,
काय डावीकडे, काय उजवीकडे.
खार तिथेच राहिला. काटा बोटभर बाहेर गेला.

मी बॅगेवर बसले.
हे डाव्या अंगानं आले, एक हात पाठीमागे,
खिचडी वाढली, शीत सांडलं नाही.
स्वतःच्याही बशीत वाढली.
आणि उभेच.

"बसा की."

"कसं बसतात ते ठाऊक नाही गो,"
चादरीची कड पुन्हा सारखी करत म्हणाले,
"मी आपल्या सगळ्यांच्या पाठी बघितल्या."

तेवढ्यात विमान आलं.
खोक्यातले अठ्ठावीस नग वाजले.
आमच्या भरल्या बशा गप्प होत्या.

हे बसले. काटा उचलला,
होता तिथे परत ठेवला, सरळ,
आणि उजवा हात खिचडीत घातला.

"मीठ कमी आहे."

मीठ वर होतं, मधोमध.
मी नुसतं बोट दाखवलं.